नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

ब्राउझर उघडला की आपण कधीही न निवडलेलं सर्चचं पान समोर येतं. बातमी वाचताना मधल्याच शब्दांखाली रेघा उमटतात आणि माउस चुकून तिथे गेला की जाहिरात उघडते. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून एक पट्टी वर सरकते, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले आहेत’. मग घरातला जाणकार भाचा येतो, “व्हायरस आलाय, फॉरमॅट मारावं लागेल” असं निदान करतो आणि संध्याकाळपर्यंत सी ड्राइव्ह कोरा होतो. काही दिवसांनी तीच पट्टी पुन्हा वर सरकते.

ती परत येते, कारण मुळात निदान चुकलेलं असतं. व्हायरसला लपून राहायचं असतं. या प्राण्याला मात्र दिसायचंच असतं, कारण तो दिसला तरच त्याच्या मालकाला पैसे मिळतात. याला अ‍ॅडवेअर म्हणतात. तो आला तेव्हा ‘आय अ‍ॅग्री’ या बटणावर क्लिक बहुतेक वेळा आपणच केलेलं असतं. ही संमती कशी मिळवली जाते ते कळलं, की अ‍ॅडवेअर कॉम्प्युटरात कुठे कुठे घर करतं तेही कळतं आणि काढायचं कसं हेही.

या संमतीच्या जोरावर अ‍ॅडवेअर कंपन्या वर्षानुवर्षं उजळ माथ्यानं वावरल्या. झँगो नावाच्या अमेरिकी कंपनीनं तर २००७ मध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीलाच कोर्टात खेचलं. तुम्ही आमचं सॉफ्टवेअर अडवता, म्हणजे आमचा कायदेशीर धंदा बुडवता, असा तिचा दावा होता. २००९ मध्ये अपील कोर्टानं कॅस्परस्कीच्या बाजूनं निकाल दिला आणि त्याच वर्षी झँगो बंद पडली. पण अँटिव्हायरसवाल्यांच्या भाषेत सावधपणा आजही आहे. अशा सॉफ्टवेअरला ते सरळ ‘घातक’ म्हणत नाहीत. ‘कदाचित नको असलेला प्रोग्रॅम’ अशा अर्थाचं मिळमिळीत नाव देतात आणि पुष्कळदा तो अडवायचा की नाही हे वापरणाऱ्यावर सोडतात. पैसे देऊन घेतलेला अँटिव्हायरस असूनही जाहिराती का येतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर पैशांत आहे. एखादं छोटं, खरोखर उपयोगी सॉफ्टवेअर फुकट वाटलं जातं. ते बनवणाऱ्याचं पोट कशावर भरणार? त्याला एक मध्यस्थ भेटतो. ‘तुझ्या इन्स्टॉलरमध्ये आमचे तीन-चार प्रोग्रॅम गुंडाळून दे, जितक्या कॉम्प्युटरांवर ते बसतील तितक्यांचे पैसे मोजतो,’ असा त्याचा सौदा असतो. गुगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये या बाजाराचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. देशानुसार एका इन्स्टॉलमागे दहा सेंटपासून दीड डॉलरपर्यंत दर मिळत होता आणि वरचा दर अमेरिकेतल्या कॉम्प्युटरांसाठी होता. अशा गठ्ठ्यांविरुद्ध गुगलला त्या काळात दर आठवड्याला सहा कोटींहून अधिक इशारे द्यावे लागत होते. खऱ्याखुऱ्या घातक सॉफ्टवेअरच्या इशाऱ्यांच्या हा आकडा सुमारे तिप्पट होता.

दीड डॉलर मोजणारा ते वसूल कसे करतो? एक तर तुमचा सर्च स्वतःच्या पानावरून वळवतो आणि तिथल्या जाहिरातींचा वाटा घेतो. नाहीतर तुम्ही काय पाहता याची नोंद विकतो. किंवा दुसऱ्याच्या वेबसाइटवर स्वतःच्या जाहिराती चिकटवतो. हा शेवटचा प्रकार मराठी घरांना वेगळा समजावून सांगायला नको. पेपर टाकणारा आत पत्रकं घालून देतो, त्यांचे पैसे पेपरच्या मालकाला मिळत नाहीत. इथे मात्र पत्रक पेपरातल्या छापील जाहिरातीवरच चिकटवलेलं असतं. गेटर या कंपनीनं हेच केलं, तेव्हा वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्स आणि इतर प्रकाशकांनी २००२ मध्ये तिच्यावर खटला भरला. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्याच वर्षी गेटरनं नाव बदलून क्लॅरिया केलं. पासवर्ड लक्षात ठेवणारं एक छोटं फुकट सॉफ्टवेअर हा गेटरचा मुखवटा होता आणि गाणी उतरवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘कझा’बरोबर ते घरोघरी पोचलं होतं. २००४ मध्ये शेअर बाजारात उतरण्यासाठी कंपनीनं कागदपत्रं दाखल केली, तेव्हा आदल्या वर्षीचं उत्पन्न नऊ कोटी डॉलरच्या घरात असल्याचं उघड झालं. हा धंदा गल्लीतल्या भुरट्यांचा नव्हता.

आणि संमती? पीसी पिटस्टॉप या कंपनीनं २००५ च्या सुमारास एक मजेदार प्रयोग केला. आपल्या सॉफ्टवेअरच्या लांबलचक करारनाम्यात तिनं एक ओळ घातली. जो हे वाचून अमुक पत्त्यावर ईमेल करील त्याला बक्षीस मिळेल, असं तीत म्हटलं होतं. चार महिने आणि तीन हजारांहून अधिक डाउनलोड झाल्यावर एकानं ईमेल केलं. त्याला एक हजार डॉलर मिळाले. बाकी सगळ्यांनी ‘मान्य आहे’ म्हटलं होतंच.

संमती इतकी पातळ असली की ती काढून घेणं ही एक कलाच होऊन बसते. ‘रेकमेंडेड’ हा पर्याय ठळक आणि ‘कस्टम’ फिकट राखाडी. टिकमार्क आधीच केलेला. नकाराचं बटण ‘स्किप’ अशा नावानं कोपऱ्यात. यात छोटेच लोक होते असंही नाही. ओरॅकलचं जावा अपडेट करताना आस्क टूलबारची टिक आधीच केलेली असायची. बेसावध माणसाच्या कॉम्प्युटरावर हा टूलबार लगेच बसत नसे, दहा मिनिटं थांबून मग बसे. तोवर माणूस दुसऱ्या कामाला लागलेला असतो आणि दोन गोष्टींचा संबंध त्याच्या ध्यानात येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरचं माहेरघर समजली जाणारी सोर्सफोर्ज ही साइटही २०१३ पासून इन्स्टॉलरांवर जाहिरातींचं वेष्टन चढवू लागली. गिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरचे कर्ते त्याच वर्षी वैतागून तिथून निघून गेले, तरी २०१५ मध्ये त्यांच्या नावानं वेष्टनवाला इन्स्टॉलर तिथे वाटला जात होता. फार बोंबाबोंब झाली, मालक बदलले आणि २०१६ च्या आरंभी नव्या मालकांनी ती योजना बंद केली. थोडक्यात, ओळखीच्या साइटवरून घेतलं म्हणजे निर्धोक, हा हिशेब कच्चा आहे. सॉफ्टवेअर ज्यानं बनवलं त्याच्याच घरून घ्यावं.

या सगळ्या इतिहासात एक प्रकरण मात्र वेगळं ठेवायला हवं. तिथे डाउनलोड करण्याची वेळच आली नाही. अ‍ॅडवेअर नव्या कोऱ्या लॅपटॉपच्या खोक्यातून आलं.

२०१४ च्या उत्तरार्धात लेनोवोच्या काही घरगुती लॅपटॉपांवर सुपरफिश या कंपनीचं ‘व्हिज्युअल डिस्कव्हरी’ कारखान्यातूनच बसवलेलं होतं. काम साधंच. तुम्ही खरेदीच्या साइटवर एखाद्या वस्तूचं चित्र पाहिलं, की तशाच दिसणाऱ्या इतर वस्तूंच्या जाहिराती दाखवायच्या. पण खरेदीच्या साइट कुलूप असलेल्या, म्हणजे सांकेतिक जोडणीनं चालतात आणि त्यात बाहेरच्याला डोकावता येत नाही. सुपरफिशनं त्यावर काढलेला उपाय भयंकर होता. विंडोजच्या ज्या पेटीत ‘या संस्थांच्या प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवा’ अशी यादी असते, तिच्यात त्यानं स्वतःचं प्रमाणपत्र घुसवलं. मग तुमच्या आणि साइटच्या मध्ये बसून तो प्रत्येक साइटसाठी जागच्या जागी खोटं प्रमाणपत्र बनवी आणि ब्राउझर ते निमूट मान्य करी. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसायचं, पण ते सुपरफिशचं असायचं. बँकेच्या साइटलाही तेच.

एवढ्यावर थांबतं तरी एक वेळ चाललं असतं. पण या सगळ्या लॅपटॉपांवर एकच गुप्त किल्ली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षातज्ज्ञानं ती काही तासांत बाहेर काढली. तिचा पासवर्ड होता ‘कोमोडिया’, म्हणजे ज्या कंपनीनं हे तंत्र पुरवलं तिचंच नाव. आता कॉफीच्या दुकानातल्या फुकट वाय-फायवर बसलेला कोणीही अशा लॅपटॉपपुढे बँकेचं सोंग घेऊ शकत होता. आधी ‘धोका नाही’ म्हणणाऱ्या लेनोवोनं मग माफी मागितली आणि काढून टाकण्याचं साधन दिलं. मायक्रोसॉफ्टनंही डिफेंडरला ते प्रमाणपत्र उपटून टाकायला शिकवलं. ते गरजेचंच होतं, कारण सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं तरी प्रमाणपत्र मागे राहत होतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी २०१७ मध्ये तडजोड झाली आणि ३२ राज्यांना कंपनीनं ३५ लाख डॉलर दिले. कमिशनच्या तक्रारीतला एक तपशील या लेखाच्या शीर्षकाला शोभणारा आहे. पहिल्यांदा खरेदीच्या साइटवर गेल्यावर सुपरफिशची एक खिडकी एकदाच उघडायची. तिच्यातला बारीक अक्षरांतला नकार न निवडता कोपऱ्यातल्या फुलीनं ती बंद केली, तर ती संमती धरली जात असे.

भारताचं नाव या विषयात ठळकपणे आलं ते २०१७ च्या जूनमध्ये. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीनं जाहीर केलं की बीजिंगच्या रॅफोटेक या जाहिरात कंपनीचं ‘फायरबॉल’ जगातल्या २५ कोटी कॉम्प्युटरांवर बसलं आहे आणि त्यांत सर्वाधिक, अडीच कोटींहून जास्त, भारतात आहेत. आकडा गाजला. मायक्रोसॉफ्टनं मात्र तो फुगवलेला असल्याचं सांगितलं, कारण तो कॉम्प्युटर मोजून आलेला नव्हता, खोट्या सर्चपानांना मिळालेल्या भेटींवरून काढलेला होता. चेक पॉइंटलाही पुढे आकडा बराच खाली आणावा लागला. सुरक्षा कंपन्यांना आपलं औषध खपवायचं असतं, हे अशा बातम्या वाचताना विसरू नये. आकड्याचं काहीही असो, आपल्याकडे अ‍ॅडवेअरला एक खास रस्ता आहे आणि तो म्हणजे क्रॅक. फुकटातलं ऑफिस, फुकटातलं फोटोशॉप, विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करणारी एवढीशी फाइल. सूचनांची पहिली ओळ ठरलेली असते, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’. पहारेकऱ्याला सुट्टी देऊन वर पाहुण्याला किल्लीही द्यायची, मग तक्रार कोणाकडे करणार? ज्याला पैसे मोजायचे नाहीत त्याला लिब्रेऑफिस आहे, गिम्प आहे. क्रॅकचं समर्थन मला कधीच पटलेलं नाही.

आता काढण्याकडे वळू. पहिला प्रश्न, जाहिरात नेमकी कुठे दिसते? ब्राउझर बंद असल्यासारखा वाटतानाही कोपऱ्यातून पट्ट्या येत असतील, तर बहुधा काहीही इन्स्टॉल झालेलंच नाही. कुठल्या तरी साइटनं ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ म्हटलं आणि आपण दाबलं. ते अलाउ नोटिफिकेशन पाठवण्याच्या परवानगीचं होतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’ इथे परवानगी असलेल्या साइटची यादी असते. अनोळखी नावं काढून टाका. आज घरोघरी दिसणाऱ्या ‘व्हायरस सापडले’च्या पट्ट्यांवरचा इलाज अनेकदा एवढाच असतो आणि त्यासाठी सी ड्राइव्ह कोरा केला जातो, हे वाईट वाटण्यासारखं आहे.

जाहिराती पानांच्या आतच येत असतील, सर्च वळत असेल, तर मात्र क्रम सांभाळावा लागतो. आधी प्रोग्रॅम, मग ब्राउझर. उलट केलं तर मागे राहिलेला प्रोग्रॅम ब्राउझरची साफ केलेली सेटिंग पुन्हा लिहून ठेवतो. विंडोजच्या सेटिंगमधल्या अ‍ॅप्सच्या यादीला इन्स्टॉल केल्याच्या तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या सुमाराला एकाच दिवशी चार अनोळखी नावं शेजारी शेजारी बसलेली दिसली, तर गठ्ठा सापडला. एकेक काढा, पण काढतानाही वाचा. ‘ठेवा’चं बटण मोठं आणि हिरवं, ‘काढा’ची ओळ बारीक, हा खेळ निरोपाच्या वेळीही चालतो.

मग ब्राउझरची एक्सटेन्शन. इथे केवळ अनोळखी नावावर जाऊ नका, जुनं विश्वासू एक्सटेन्शनही फिरू शकतं. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे न वापरलेले टॅब झोपवणारं लोकप्रिय एक्सटेन्शन २०२० मध्ये त्याच्या कर्त्यानं अनोळखी खरेदीदाराला विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलनं त्याला घातक ठरवून बंद केलं. लाखो लोकांच्या ब्राउझरात आयता शिरकाव मिळतो, म्हणून अशी एक्सटेन्शन विकत घेतली जातात. तेव्हा गेल्या सहा महिन्यांत ज्याची गरज लागली नाही ते काढाच. त्यानंतर सर्च इंजिन आणि सुरुवातीचं पान तपासा. फारच गोंधळ असेल तर ‘रिसेट सेटिंग्ज’ वापरा, त्यानं बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत. काढलेलं एक्सटेन्शन दुसऱ्या दिवशी परत आलं तर भुताटकी समजू नका. गुगल खात्याच्या सिंकमधून ते दुसऱ्या, उदाहरणार्थ ऑफिसच्या, कॉम्प्युटरावरून इकडे येत असू शकतं. दोन्हीकडून काढावं लागतं.

कधी एक्सटेन्शनसमोर काढण्याचं बटणच नसतं आणि क्रोमच्या मेनूच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ असं वाक्य असतं. घरच्या कॉम्प्युटरला कुठली आली ऑर्गनायझेशन? कंपन्यांना आपल्या कर्मचाऱ्यांच्या ब्राउझरवर नियम लादता यावेत म्हणून ठेवलेली ही सोय अ‍ॅडवेअर वापरतं. स्वतःला तुमचा साहेब नेमतं म्हणा ना. (काही अँटिव्हायरसही ही सोय वापरतात, म्हणून वाक्य दिसताच घाबरू नये.) हे नियम विंडोजच्या रजिस्ट्रीत असतात आणि सरावाशिवाय तिथे हात घालू नये. इथे अ‍ॅडक्लीनर कामी येतं. २०११ पासूनचं हे छोटं, फुकट साधन २०१६ मध्ये मालवेअरबाइट्सनं विकत घेतलं. ते इन्स्टॉल करावं लागत नाही आणि हे लादलेले नियमही पूर्ववत करतं. फक्त ते मालवेअरबाइट्सच्याच साइटवरून घ्या. सर्चमध्ये सगळ्यात वर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेली ओळ म्हणजे कोणीतरी पैसे देऊन मिळवलेली जागा असते आणि साफसफाईच्या साधनांची नावं तिथे सोंगाड्यांना फार आवडतात. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या साइटवरही फुकट साधनं मिळतात, त्यांत पुण्याच्या क्विक हीलचं आहे.

एवढं करूनही सर्च वळत राहिला, तर तीन जागा उरतात. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टार्गेट’ पाहा. प्रोग्रॅमच्या नावामागे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल, तर तो खोडा. टास्क शेड्यूलरमध्ये दर तासाला काहीतरी परत बसवणारं काम लावलेलं आहे का पाहा. आणि नेटवर्कच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी आणि डीएनएस पाहा. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी यंत्रणा. तीच बदलली तर ब्राउझर कितीही धुतला तरी उपयोग नाही. एस्टोनियातल्या एका टोळीनं याच मार्गानं शंभर देशांतल्या सुमारे चाळीस लाख कॉम्प्युटरांना खोट्या जाहिरातींकडे वळवलं होतं. २०११ मध्ये ती पकडली गेली. पण तिचे सर्व्हर लगेच बंद केले असते तर लाखोंचं इंटरनेट तुटलं असतं, म्हणून ते अमेरिकी कोर्टाच्या आदेशानं जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले. घरातल्या सगळ्याच उपकरणांवर एकसारखा त्रास असेल तर संशय राउटरवर घ्या. त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललेला नसतो, हे सांगायला ज्योतिषी नको.

मॅकवाल्यांनी हसू नये. ‘फ्लॅश प्लेअर अपडेट करा’ म्हणणारं श्लेयर हे तिथलंच. २०२० मध्ये त्याची एक आवृत्ती अ‍ॅपलच्या तपासणीतूनही पार झाली होती. मॅकवर सेटिंगमध्ये अनोळखी प्रोफाइल बसलेलं आहे का, ते पाहावं.

फॉरमॅट मग कधी? क्रॅक चालवला असेल आणि त्यानंतर पासवर्ड चोरीला गेल्याची शंका असेल, तर. त्या वेळी ते केवळ अ‍ॅडवेअर उरलेलं नसतं. पासवर्ड आधी दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलायचे आणि नंतर फॉरमॅट.

टाळण्याविषयी सांगण्यासारखं बरंचसं वर येऊन गेलं. दोन गोष्टी तरी आवर्जून करा. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’खाली ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ आहे, त्यातलं ‘पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग’ चालू आहे ना ते बघा. वर म्हटलेलं मिळमिळीत नाव ते हेच आणि जुन्या यंत्रांवर ते बंद सापडतं. दुसरं म्हणजे घरातल्या सगळ्यांसाठी एकच अ‍ॅडमिन खातं ठेवू नका. मुलांचं, आजोबांचं साधं खातं वेगळं करा. मग कॉम्प्युटरभर काही बसवायचं झालं की विंडोज पासवर्ड विचारतं आणि ‘हे कशाला हवंय?’ हा प्रश्न घरात एकदा तरी बोलला जातो. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन फायरफॉक्सवर अजून पुरं चालतं. क्रोमनं एक्सटेन्शनचे नियम बदलल्यापासून तिथे त्याची छोटी, ‘लाइट’ आवृत्तीच उरली आहे. स्वतःचं पोट जाहिरातींवर असलेल्या कंपनीनं हे नियम केले, एवढंच नोंदवतो.

कायद्याचं म्हणाल, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. त्यांत तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत. गोंधळात पाडणारे प्रश्न आहेत, हवं ते बटण दडपणारी मांडणी आहे आणि तेरावा प्रकार, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे असं भासवून पैसे उकळणाऱ्या खोट्या सॉफ्टवेअरचा आहे. अशा पट्टीवरच्या नंबरवर फोन करून पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावं. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त असते.